दोन हजार एकशे चाळीस स्क्रू

नवा लॅपटॉप खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा मिस्त्रींनी आधी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मग ते त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहिले. चाळीस वर्षं लाकडाशी झटापट केलेला हा माणूस. पण लेकीने झाकण उघडलं, पडदा उजळला आणि मिस्त्रींच्या तोंडून नुसतं "अबब!" निघालं.

"यात कपाट मावतं?"

"अख्खं घर मावतं, बाबा."

"आणि वजन?"

"दीड किलो."

मिस्त्रींनी मनातल्या मनात तोलून पाहिलं. त्यांचा रंधासुद्धा याहून जड होता.

हा सगळा खटाटोप एका भिंतीसाठी चालला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाईंना एक अख्खी भिंत भरून पुस्तकांचं कपाट हवं होतं आणि तीन सुतारांनी आणलेली कपाटाची चित्रं त्यांनी आल्या पावली परत पाठवली होती. मिस्त्रींच्या कारखान्यात चार महिने दुसरं काम नव्हतं. समोरच्या मोठ्या दुकानात तयार कपाटं मिळायला लागल्यापासून लोक त्यांच्याकडे फक्त खुर्चीचा मोडका पाय घेऊन येत. त्याच दुकानाने लेकीला नोकरी देऊ केली होती. बाईंचं काम मिळालं तर कारखाना चालू राहणार, नाहीतर एक तारखेपासून ती समोर जाऊन बसणार आणि मिस्त्री दाराला कुलूप लावणार, असं घरात ठरलं होतं. ठरल्यावर त्याविषयी कुणी बोलायचं नाही, हेही न बोलता ठरलं होतं.

पहिल्या दिवशी डिझाइनचं सॉफ्टवेअर अक्षरशः पळत होतं. लेकीने एक रेघ ओढली, तिची फळी झाली. फळीला सागाचा रंग आला. बोट फिरवलं तशी फळी गर्रकन फिरली आणि मिस्त्री दचकून मागे सरले, जणू डोक्याला लागेल.

"काय यंत्र आहे!" ते म्हणाले. मग हळूच पुढे वाकले. "पण ही फळी कशावर उभी आहे?"

"कशावरच नाही. चित्र आहे ते."

"स्क्रू कुठायत?"

"चित्रात स्क्रू नाही दाखवत, बाबा."

"मग पडेल की!"

लेक हसली. मिस्त्री हसले नाहीत. "आजवर माझी एक फळी पडली नाही. ती आता चित्रात पाडू?"

बापाचं मन मोडायला नको म्हणून लेकीने डब्यातला एक खरा स्क्रू घेतला, मोजपट्टी लावली आणि हुबेहूब तसा पडद्यावर उतरवला. डोकं, डोक्यावरची खाच, टोक आणि अंगावरचे पिळाचे आटे. मिस्त्रींनी पडद्याला नाक लावून आटे मोजले. सतरा. डब्यातल्या स्क्रूचे मोजले. सतरा. त्यांना भरून आलं. आयुष्यभर हाताळलेली वस्तू कुणी इतक्या जवळून पाहिली नव्हती, आणि पाहिली ती पोटच्या पोरीने.

"लाव," ते म्हणाले. "इथे दोन. कोपऱ्यात चार. खालच्या खणाला आठ लाव, शब्दकोश तिथेच ठेवतात लोक."

लेक बोट दाबत गेली आणि स्क्रू बसत गेले.

तिसऱ्या दिवशी कपाट फिरवायला सांगितलं की लॅपटॉप विचारात पडू लागला. चौथ्या दिवशी एक खण उघडेपर्यंत चहा पिऊन होत होता. पाचव्या दिवशी त्याच्या आतला पंखा असा घोंघावू लागला की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"दमलंय बिचारं. तासभर निजू दे त्याला."

"निजायला काय झालं? आठवडा नाही झाला त्याला घेऊन!" लेक करवादली.

मिस्त्रींचा आदर मात्र पंख्याच्या आवाजाबरोबर वाढत चालला होता. "मोठी यंत्रं सावकाशच चालतात," ते बायकोला समजावत. "आत केवढा व्याप असेल! आपलं कपाट उचलून फिरवायचं म्हणजे सहा माणसं लागतील. हा एकटा आहे."

लेक तणतणत लॅपटॉप घेतला होता त्या दुकानात गेली. दुकानदाराने लॅपटॉप उघडला, स्वतःजवळचं एका बंगल्याचं चित्र त्यावर चढवलं आणि गरागरा फिरवून दाखवलं. बंगला, बाग, बागेतलं कारंजं, सगळं लोण्यासारखं फिरलं. तिने मान खाली घालून लॅपटॉप घरी आणला, कपाट उघडलं आणि तो पुन्हा ठप्प.

मग घरच्यांनी शोध लावला की त्याला कारखान्याची हवा मानवत नाही. भुसा उडतो म्हणून त्याला बैठकीत नेलं. तिथे ऊन येतं म्हणून निजायच्या खोलीत नेलं. गरम होतो म्हणून लाकडाच्या चार ठोकळ्यांवर चढवून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. विजेचा ताण पडेल म्हणून आईने मिक्सर बंद ठेवला आणि वाटण पाट्यावर वाटलं. घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. आजारी मामांच्या वेळीही एवढी शांतता पाळली नव्हती.

शेवटी दुकानदारच घरी आला. टेबलफॅनचा वारा खात बसलेला लॅपटॉप त्याने क्षणभर पाहिला. मग कपाटाच्या चित्रात शिरून तो जवळ, आणखी जवळ जात राहिला. एकाएकी त्याचा हात थांबला.

"हे आटे आहेत?"

"सतरा," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "मोजून घ्या."

"प्रत्येक स्क्रूला?"

"म्हणजे काय! एकाला असतात आणि दुसऱ्याला नसतात, असं कुठे असतं?"

दुकानदाराने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. त्याच्या नजरेत आता निखळ आदर होता. "ताई, लॅपटॉप धडधाकट आहे. त्याच्या डोक्यावर तुम्ही दोन हजार एकशे चाळीस स्क्रू ठेवलेत. ते लपवा, लगेच पळेल. एका बटणाचं काम आहे."

"खबरदार!" मिस्त्री म्हणाले.

बाईंकडे जायच्या दिवशी सकाळी, बाबा आंघोळीला गेलेले पाहून, लेकीने ते बटण दाबलं. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला.

बाईंच्या बैठकीत तिने कपाट फिरवलं, खण उघडले, आत पुस्तकं ठेवून दाखवली. मिस्त्री शेजारी बसून पाहत होते. दुसऱ्या फेरीतच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पडला.

"स्क्रू काढलेस," ते पुटपुटले. "पडेल गं."

बाईंनी चष्मा काढला. "छान आहे. पण छान चित्र तिघांनीही आणलं होतं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे आठ-दहा भोकं होती आणि गिलावा निघालेला होता. "मागच्या वर्षी भर दुपारी सगळ्या फळ्या खाली आल्या. मी मिनिटभरापूर्वीच खालच्या खुर्चीतून उठले होते. तुमचं कपाट कशाने उभं राहणार, तेवढं दाखवा."

लेकीने पडद्याकडे पाहिलं. कारखान्यासमोरच्या दुकानातली नोकरीची खुर्ची तिला स्वच्छ दिसू लागली.

"आण ते परत," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, अर्धा दिवस लागेल."

"लागू दे."

तिने बटण दाबलं. पंखा घोंघावला, पडदा पांढरा झाला, आणि कपाट नाहीसं झालं. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तोच डाव्या कोपऱ्यात, खाली, एक स्क्रू उमटला. मग दुसरा.

मिस्त्री उठून उभे राहिले. "हा भिंतीत तीन इंच जातो, बाई. सगळा भार याच्यावर. हा त्याचा जोडीदार, पहिला ढिला पडलाच तर. हा तिरका आहे, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं..."

एकेक स्क्रू सावकाश उगवत होता आणि मिस्त्री एकेकाची ओळख करून देत होते. लॅपटॉपला घाई नव्हती, मिस्त्रींनाही नव्हती. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला, खुर्ची पुढे ओढली, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारख्या त्या ऐकू लागल्या. लेक थक्क झाली होती. हे सगळे तिने स्वतःच्या बोटाने लावले होते, पण आपल्या बापाच्या डोक्यात एवढं काही असेल हे तिला आजवर कळलं नव्हतं. तिला त्या क्षणी बापाचा फार, फार अभिमान वाटला.

दिवेलागणीला पूर्ण कपाट पडद्यावर उभं राहिलं.

"किती आहेत?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"दोन हजार एकशे चाळीस."

"काम तुमचं." बाई उठल्या. "फक्त जे दाखवलंत ते तसंच हवं. मी एकेक मोजून घेईन. सदतीस वर्षं वह्या तपासल्यात."

रस्त्याला लागल्यावर लेकीच्या पायांना जमीन लागत नव्हती. मिस्त्री मात्र कोपऱ्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"बाबा, आनंद नाही झाला?"

"झाला की." त्यांनी उजवा तळहात उघडून पाहिला, मिटला. "खऱ्या कपाटाला सहाशे पुरतात."

लेक जागीच थांबली. "मग एवढे का लावायला सांगितलेत?"

"तू बोट दाबायचीस आणि स्क्रू बसायचा. इतक्या अलगद स्क्रू बसताना मी जन्मात पाहिला नव्हता गं. थांब म्हणवेना."

"आणि बाईंना एकेकाचं कारण सांगत होतात ते?"

"सहाशेंची खरी होती," मिस्त्री म्हणाले. "बाकीची समोर येतील तशी सुचत गेली."

लेक रस्त्यातच पोट धरून हसली. मिस्त्री चार पावलं पुढे गेले, मनगट दोनदा फिरवून पाहिलं आणि मागे वळून, जरा ओशाळून, तिला विचारलं, "ते विजेवर चालणारं स्क्रू पिळायचं यंत्र असतं म्हणतात, ते कसं असतं गं?"