सर्व्हरची पूजा आणि शून्य तक्रारी

जगात अखंड असं काहीच नसतं. तापीसुद्धा उन्हाळ्यात दम खाते. तरी माणसाला आपली वेबसाइट मात्र चोवीस तास चालू लागते. ही गरज ओळखून बुऱ्हाणपुरात, लूमच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत, आमची होस्टिंग कंपनी कार्यरत आहे. (दुसऱ्या खोलीत माझी बायको ज्योत्स्ना पापड वाळवते. पाटीवर ती खोली ‘विस्तार कक्ष’ आहे.)

संचालक मी. तांत्रिक विभाग म्हणजे माझा मेहुणा भूषण. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट ज्यांच्या पोटात राहतात ते सर्व्हर चार. त्यातले तीन चालतात, चौथा त्यांना धीर द्यायला ठेवला आहे. आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते; उरलेला वेळ वीज, उंदीर आणि भूषण आपसांत वाटून घेतात. नेटवर्कचा वेगही उत्तम. खाली लूम सुरू झाले की टेबल हलतं, वायर ढिली होते आणि वेग पडतो, म्हणून वेग आम्ही कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीत मोजतो. आकडा नेहमी छान येतो.

तर, खंडेनवमी आली. या दिवशी अवजाराला विश्रांती द्यायची, पुसूनबिसून हळदकुंकू वाहायचं. खाली लूम बंद, शेजारच्या शिंप्याचं मशीन बंद. मग सर्व्हरनीच काय घोडं मारलंय? भूषणने ‘नियोजित देखभाल’ अशी रीतसर सूचना वेबसाइटवर लावली आणि सर्व्हर बंद केले. (सूचना त्यांच्यावरच होती.)

ज्योत्स्नाने मनोभावे, सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, ‘सांभाळा रे बाबांनो’ म्हणाली. आरती झाली. भूषणने बटण दाबलं. सर्व्हरचा पंखा हवा आत ओढतो हे आम्हाला ठाऊक होतं. तो हळदकुंकूही ओढतो, हे माहितीपुस्तिकेत कुठेही दिलेलं नाही. (पुस्तिका आम्ही वाचलेली नाही, पण नसणारच.) तिन्ही यंत्रांनी एकदम शिंकल्यासारखं केलं, भूषण डोक्यापासून पायापर्यंत लाल झाला आणि सगळं थंड पडलं. चौथ्याला माळ पुरली नव्हती. तो धीर देत राहिला.

दसऱ्याच्या सकाळीही आम्ही ब्रशने कुंकू काढत होतो. मला धाक होता तो शाहपूरच्या चुडामणभाऊंचा. केळीचे रोजचे भाव त्यांच्या साइटवर लागतात. भाऊ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेले की आमचं शटर खाली. ते शिव्या घालणार म्हणून मी फोन समोर ठेवूनच बसलो.

फोन वाजला नाही. कोणाचाच नाही. तक्रारी शून्य टक्के, कंपनीच्या इतिहासातला उच्चांक! मी खुशीत भूषणला पेढा दिला. अर्धा खाऊन तो थांबला.

“दाजी, साइट बंद पडल्या हे कोणाला कळलंच नसेल तर?”

मी पेढ्यांचा पुडा मिटला. साइट बंद पडली तर गिऱ्हाईक रागावतं, पण राहतं. बंद पडूनही आपलं काही अडलं नाही, हे त्याला कळलं तर ते कशाला राहील?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात चुडामणभाऊ. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निदान एकाला तरी कळलं!

“भाऊ, माफ करा,” मी हात जोडले. “कालपासून साइट बंद आहे, संध्याकाळपर्यंत पक्की चालू करतो.”

भाऊंच्या हातात आपट्याची पानं होती. ते सोनं द्यायला आले होते.

“बंद होती?” भाऊ म्हणाले. “मले तर मालूमच नही.”

“मग लोकांना भाव कसे कळले?”

“ग्रुपवर टाकतो ना मी. सगळे तिथंच पाहून राहिले. मंग ही साइट आपन कायले ठेवली?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या सेवाशर्तींत नाही. भूषण कुंकवाखाली पांढरा पडला. मी घाईघाईने चहा सांगितला.

भाऊ खिडकीशी गेले. खाली त्यांचा ट्रक उभा होता, दसऱ्यासाठी नवा रंगवलेला. मागच्या फळीवर वेलबुट्टीच्या चौकटीत साइटचा पत्ता होता, पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेला.

“जाऊ द्या,” भाऊ म्हणाले. “पेंटरनं लय मेहनत केली. आता कुठं पुसत बसा.” सोनं माझ्या हातावर ठेवून ते चहा न घेता उतरले.

आमची कंपनी आज त्या पेंटवर उभी आहे.

तेव्हापासून आम्ही धोरण बदललं आहे. गिऱ्हाइकांना अधूनमधून फोन करून ‘तुमची साइट बरी आहे ना?’ असं काळजीने विचारतो. ते घाबरून उघडतात, सगळ्यांनी एकदम उघडली की सर्व्हर बसतो आणि तक्रारींचा पाऊस पडतो. कसं भरल्या घरासारखं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. तीनपैकी दोनच सर्व्हर पुन्हा सुरू झाले. तिसऱ्यावरच्या गिऱ्हाइकांना आम्ही फोन करत नाही, उगाच कशाला? तुमचीही वेबसाइट असेलच, व्हिजिटिंग कार्डाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. आमचा फोन आला होता ना तुम्हाला?