गोपाळरावांचा आवाज आणि खिडकीतला कूलर

नात्यातल्या एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत, समोर बुंदीचं ताट असताना, संघपालने जाहीर केलं की यंदाच्या बुद्धपौर्णिमेला सगळ्या नातेवाइकांनी आपल्या घरी यायचं, बाबांचा आवाज ऐकायला. त्याचे बाबा गोपाळराव जाऊन कैक वर्षं झाली होती. त्यामुळे पंगतीतले हात घासासकट जागच्या जागी थांबले.

गोष्ट अशी, की गोपाळराव गिरणीत कामाला होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या कव्वाली पार्टीत असत. त्या पार्टीची भीमगीतांची एक रेकॉर्ड निघाली होती. कव्हरवर सगळ्या मंडळींचा फोटो, मागच्या रांगेत टोपी घातलेले गोपाळराव. घरातला रेकॉर्ड प्लेअर संघपाल रांगत असतानाच बिघडला आणि रेकॉर्ड गेली कौसल्याबाईंच्या पेटीत, पांढऱ्या लुगड्याच्या घडीत. तेव्हापासून ती कुणीच ऐकली नव्हती. पण नागपुरात तो कामाला होता त्या हिंगण्याच्या कंपनीत, गल्लीत आणि सोयऱ्याधायऱ्यांत असा एक माणूस दाखवा, ज्याला संघपालने ‘माझे बाबा रेकॉर्डवर गायलेत’ हे सांगितलं नाही. लोक स्वतःचं नाव सांगतात, हा हे सांगायचा.

त्या दिवशी भडकायला कारण झाला त्याचा साळा प्रीतम. बुंदीचा लाडू फोडता फोडता त्याने सहज विचारलं, “भाऊजी, बाबा खरंच गायले होते का हो? का नुसते फोटोतच हायेत?”

झालं. कुकर निदान आधी शिट्टी देतो. संघपाल थेट झाकणच उडवतो. त्याने हात धुतला, उभा राहिला आणि पौर्णिमेचं आमंत्रण देऊन मोकळा झाला.

घरी आल्यावर दीप्तीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं की ऐकवणार कशावर. संघपाल म्हणाला, ते माझं मी बघतो. खरं सांगायचं तर आमंत्रणामागे प्रीतमचा राग होताच, पण त्याच्याही मागे त्याची माय होती. कौसल्याबाई ऐंशीच्या पुढच्या. नजर अधू झालेली, कान मात्र शाबूत. मागच्या उन्हाळ्यात आजारी पडल्या तेव्हा त्या पडल्या पडल्या एवढंच म्हणाल्या होत्या, “एक डाव त्यायले आयकाले भेटलं असतं, तं बरं झालं असतं.” ते वाक्य संघपालच्या छातीत काट्यासारखं अडकून बसलं होतं. म्हणून त्याने ठरवलं, पौर्णिमेपर्यंत त्या रेकॉर्डला सुई लागणार नाही. पहिल्यांदा ऐकेल ती माय, आणि चारचौघांत ऐकेल.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मोनालीने, त्याच्या मुलीने, नवा रेकॉर्ड प्लेअर पाठवून दिला. खोकं उघडल्यावर कळलं की हा गडी एकटा मुका आहे, त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि स्पीकर लागतात. मग नवरा-बायको गेले धरमपेठेतल्या एका दुकानात.

ते दुकान म्हणजे दुकान कमी आणि नवरदेवाची खोली जास्त. गालिचा, जाड पडदे, एसी असा मुका की चालू आहे हेच कळू नये. मालक पुष्कर, कोरलेल्या दाढीचा, लोण्यासारखं बोलणारा तरुण. त्याने दोघांना सोफ्यावर बसवलं आणि म्हणाला, “काका, याचा आवाज ऐका. फार उबदार आहे.”

बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. संघपाल म्हणाला, “बाबू, बाहेर सत्तेचाळीस डिग्री हाये. उबदार घेऊन मी काय करू? थंडा दाखव.”

पुष्कर हसला आणि त्याने विचारलं की काका, तुमची खोली कशी आहे, केवढी आहे, आजूबाजूला आवाज किती असतो. आता हा त्याच्या धंद्यातला साधा प्रश्न. पण संघपालला वाटलं, हा पोरगा आपलं घर मोजतोय. कान लाल झाले. त्याने ताडकन सांगितलं की खोली खोलीसारखी आहे, चार भिंती आहेत आणि वर छप्परही आहे. पुष्करने पुढचं विचारलंच नाही. सतारीची एक रेकॉर्ड लावली, आणि सतार अशी वाजली जणू वाजवणारी बाई समोरच्या सोफ्यावर येऊन बसली. दीप्तीने तर डोळेच मिटले. अ‍ॅम्प्लिफायर ठरला, बेताचे दोन स्पीकर ठरले, घरी लावून बघायला पुष्करने ती सतारही सोबत दिली.

घरी सगळं जोडलं. सुई टेकवली. आणि सतार कुठे? शेजारच्या गल्लीत कुणीतरी डबा घासतंय एवढंच ऐकू आलं.

आता इथे त्या हॉलच्या खिडकीतल्या कूलरबद्दल सांगायलाच हवं. लोखंडी, खिडकीच्या मापाने बनवून घेतलेला, आत एक्झॉस्टचा पंखा. गुढीपाडव्याला तो सुरू होतो आणि पाऊस लागेपर्यंत थांबत नाही. अशा कूलरसमोर नागपुरात कुणी बोलत नाही, ओरडतात. नवरा-बायको भांडतायत की मीठ मागतायत, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. आणि गंमत म्हणजे या आवाजाला इथला माणूस आवाज मानतच नाही. तो हवेतच धरलेला असतो.

दीप्तीच्या डोक्यात आलं होतं. ती म्हणाली, “मी काय म्हणते, कूलर बंद करून पाहा ना एकदा.”

“कूलरचा काय संबंध?” संघपाल म्हणाला. “कूलर तं रोजच चालू असते.”

दीप्ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संघपाल तो अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून दुकानात. पुष्करने लावला, सतार परत सोफ्यावर. संघपालला घाम फुटला, एसीतही. याचा अर्थ एकच, हा पोरगा आपल्याला बनवतोय. दुकानात काहीतरी चालाखी आहे. त्याने दुकान डोक्यावर घेतलं. शेवटी पुष्करने पाट्यासारखा जड, मोठा अ‍ॅम्प्लिफायर काढून दिला. घरी आणला. डबा घासणारी बाई गल्लीतून फार तर अंगणात आली.

मग प्रीतम आला सल्ला द्यायला. त्याचं म्हणणं, भाऊजी, वॅट कमी पडून राहिले, स्पीकर माणसाएवढे पाहिजेत. संघपालला सल्ला पटला आणि तो प्रीतमचा आहे म्हणून रागही आला. या दोन्हीच्या भरात माणसाएवढे दोन स्पीकर टेम्पोतून घरी आले. फ्रिज आतल्या खोलीत गेला. एक स्पीकर बरोबर कूलर आणि कौसल्याबाईंच्या दिवाणाच्या मधोमध उभा राहिला.

“संघपाल, हवा अडून राहिली रे,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“माय, पौर्णिमेपर्यंत सोस. बाबांसाठी सोस.”

कौसल्याबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. स्पीकर मात्र तसेच कुजबुजत राहिले. संघपालने पुष्करला फोन करून असं काही सुनावलं की तो बिचारा भरदुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, स्कूटरवर घरी येऊन धडकला. दारात पाऊल टाकताच कूलरची घरघर त्याच्या कानावर आदळली आणि चेहऱ्यावर उजेड पडला. तो म्हणाला, “काका, हा कूलर...”

उन्हातून आलेला पाहुणा कूलरचं नाव घेतो, तेव्हा नागपूरचा यजमान काय करतो? संघपाल रागात होता, पण रीत सोडणारा नव्हता. त्याने पुष्करला पुढे बोलूच दिलं नाही. हाताला धरून थेट कूलरपुढे बसवलं, बटण फुलवर केलं, पाण्याचा पंप चालू केला आणि दीप्तीला पन्हं आणायला सांगितलं. पुष्करने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा संघपालने त्याला आधी घाम वाळव म्हणून दटावलं. मग ती ओली गार हवा पुष्करच्या मानेवर आली, पन्हं पोटात गेलं, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. तोही नागपूरचाच. अशा हवेत बसून कूलर बंद करा म्हणायची छाती त्याला कुठून होणार? आवाज जरा वाढवून बघा, एवढंच बोलून तो निघून गेला.

संघपालने मनाशी खूणगाठ बांधली की पौर्णिमेला आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. शिवाय एक हुशारी केली. उन्हाळ्यात लाइटचा काय भरवसा, म्हणून त्याने रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर घेतले. लाइट गेली तरी बापाचा आवाज पडता कामा नये.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, घरी खीर झाली, आणि दुपार कलल्यावर पांढऱ्या कपड्यांतले नातेवाईक हॉलमध्ये मावेनात. पाहुण्यांना उकडू नये म्हणून प्रीतमने स्वतःचा कूलर आणून दुसऱ्या खिडकीत लावला. आता दोन कूलर, दोन्ही फुल. कौसल्याबाई पांढरं लुगडं नेसून अगदी पुढे बसल्या. त्यांनी स्वतः रेकॉर्ड काढून दिली. संघपालने सुई ठेवली.

काहीच नाही. बटण अर्ध्यावर आणलं, तरी काही नाही. मागून कुणीतरी लागलं का म्हणून विचारलं. आणि प्रीतम, त्याला गप्प राहवतं थोडंच, म्हणाला की मोबाइलवर शोधू का भाऊजी.

संघपालच्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. दुकानदारावर राग, साळ्यावर राग, स्पीकरवर राग, आणि मायकडे बघवेना म्हणून स्वतःवर राग. “थांब तू,” तो प्रीतमला म्हणाला, “आता तुले आयकवतोच.” आणि त्याने बटण असं पिरगळलं की पुढे जागाच राहिली नाही.

नेमकी तेव्हा लाइट गेली.

दोन्ही कूलर थांबले. इन्व्हर्टर मात्र इमानी. जी कव्वाली इतका वेळ घरघरीखाली दबून होती, ती छप्पर फाडून बाहेर आली. खिडकीची काच थरथरली, खिरीचं पातेलं कुणाच्या तरी पायाने लवंडलं, समोरच्या लिंबावरचे कावळे उठले, आणि दोघे म्हातारे सोयरे भूकंप समजून दारात पोचले. संघपाल दोन्ही कानांवर हात ठेवून उभा, त्यामुळे बटण फिरवायला हातच शिल्लक नव्हता. शेवटी दीप्ती शांतपणे आली आणि तिने बटण पार खाली आणलं, जवळजवळ शून्यावर.

आणि त्या एवढ्याशा आवाजात सगळं लख्ख ऐकू आलं. हार्मोनियम, ढोलक, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा. पहिल्या दिवशीचे बेताचे स्पीकरही पुरले असते. दीप्तीने नवऱ्याकडे बघितलं. त्या नुसत्या बघण्याचाही संघपालला राग आला.

पण खरा घाव पुढेच होता. गाणाऱ्याचा आवाज पातळ आणि चढा होता. गोपाळरावांचा घोगरा, हे त्यांना ओळखणाऱ्या तिथल्या प्रत्येकाला माहीत. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. प्रीतमने हातातला मोबाइल खिशात घातला.

“माय,” संघपालचा आवाज चिरकला, “हे बाबा नाईत.”

“नाईतच,” कौसल्याबाई म्हणाल्या. “हे पार्टीचे मास्तर हायेत.”

“मंग बाबा कुठी हायेत? मी साऱ्या जगाले सांगत फिरलो. तू काहून नाई बोलली?”

“तू सांगे तं मले गोड वाटे. आता चूप बस. येऊन राहिले ते.”

धृपद आलं. सगळी पार्टी एकदम गायली आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांची मिळून एक टाळी, आणि तिच्या मागून, अंमळ उशिरा, एकटीच एक टाळी.

“हे आयक,” कौसल्याबाई म्हणाल्या. अधू डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता. “हे तुह्ये बाबा.”

परत टाळी पडली, परत एक मागे राहिली. मास्तरांनी किती शिकवलं, कौसल्याबाई सांगू लागल्या, पण यांचा हात मागेच. रेकॉर्डिंगला मास्तर म्हणाले, गोपाळ, तू तिकडे भिंतीशी उभा राहा. राहिले. तरी आलेच रेकॉर्डमध्ये. हॉलमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, पण आवाज होईल म्हणून कुणी पुठ्ठ्यानेसुद्धा वारा घेत नव्हतं. प्रत्येक धृपदाला सगळे कान टवकारायचे आणि ती उशिराची टाळी आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, आले. मग ज्याच्या त्याच्या हातातून टाळी सुटायला लागली. सगळ्यांची मिळून एक टाळी, आणि मागून एक, अंमळ उशिरा.

हीही रेकॉर्डमधलीच असेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती संघपालची होती. हसू फुटलं ते आधी प्रीतमला, मग दीप्तीला, मग सगळ्या हॉलला. संघपालने भडकायचं म्हणून तोंड उघडलं खरं, पण कुणावर भडकायचं तेच त्याला सुचेना, कारण मायने त्याचा तो चुकार हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

तेवढ्यात लाइट आली. दोन्ही कूलर एकदम गरजले आणि गोपाळराव टाळीसकट त्या घरघरीत बुडाले. संघपालला राग काढायला शेवटी कुणीतरी मिळालं. “बंद करा बे ते कूलर,” तो ओरडत उठला.

“राहू दे,” कौसल्याबाईंनी त्याला खाली ओढलं. “त्यायले आयकलं मी पोटभर. आता तो स्पीकरचा खांब सरकव मधातून, अन् मले हवा लागू दे.”