समोरच्या पार्टीचा वकील

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट धनराज बोरस्ते आणि आशा, दोघांनाही एकाच वेळी आवडला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. पण वकील कोणता धरायचा आणि कर्ज कुठून काढायचं हे ठरवायला बसले, आणि घर पुन्हा मूळपदावर आलं.

आशा शाळेत शिकवायची. तिने शाळेतल्या एका बाईंकडून वडनेरे वकिलांचा पत्ता आणला होता.

"ते दुसरं कामच करत नाहीत," ती म्हणाली. "फक्त घरांची खरेदीखतं. सगळे कागद नीट बघून देतात."

धनराजची आई, मालनबाई, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या निफाडकडच्या, आणि शहरात येऊन दहा वर्षं झाली तरी त्यांची बोली अजून एस.टी.तून उतरली नव्हती.

"घरात वकील असताना बाहेरच्याच्या दारात कशाला जायचं? माझ्या भावाचा गोरक्ष काय वकील नाय?"

"आई, गोरक्षदादा मारामाऱ्यांच्या केसेस चालवतो," धनराज म्हणाला.

"मग चांगलंच हाय की. घराच्या येव्हारात लोक लय फसवतात. फसवणारा कसा दिसतो ते त्याच्याइतकं कोणाला ठावं?"

धनराज ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होता. तिथे केसभर फरक असलेला सुटा भाग तो बेधडक परत पाठवायचा. घरी मात्र त्याने आजवर कोणाचंच काही परत पाठवलं नव्हतं. तो आईला हो म्हणाला. आशाने वडनेऱ्यांचा पत्ता पर्समध्ये परत ठेवला.

कर्जाचंही तसंच झालं. आशाचा पगार ज्या सरकारी बँकेत व्हायचा, तिथे ती चौकशी करून आली होती. साहेबांनी चहा संपेपर्यंत वर पाहिलं नव्हतं आणि मग "अर्ज ठेवून जा, बघू," म्हणाले होते. तरी तिचा त्या बँकेवर विश्वास होता. जी बँक पैसे घेतानासुद्धा इतकी नाखूश असते, ती देताना फसवणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पण त्या वर्षी नाशिकमध्ये घरकर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांचे एजंट नुकतेच वाढले होते, आणि त्यातला मनोज कारखान्याच्या गेटवर धनराजला भेटला. गळ्यात टाय, कमरेला दोन मोबाइल.

"साहेब, बँकेत चपला झिजवायच्या कशाला? तुमचं लोन पास झालंच समजा."

धनराजने तसं समजून घेतलं. आठवड्याच्या आत मनोजने चकचकीत कागदावरचं पत्र आणून दिलं. वर 'अभिनंदन' असं सोनेरी अक्षरात छापलेलं होतं. धनराजने ते पत्र घरी टीव्हीवर उभं करून ठेवलं. फ्लॅटची इसार पावती झाली, दोन महिन्यांची मुदत ठरली, आणि सध्याच्या घरमालकाला भाड्याच्या खोल्या सोडत असल्याचंही त्याने सांगून टाकलं.

मग एका रविवारी गोरक्षला फ्लॅट दाखवायला नेलं.

फ्लॅटच्या मालकीण मीनाताई थेटे. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वारला होता, मुलगा पुण्याला, आता त्याच्याकडे राहायला जायचं होतं. त्यांनी पोहे केले होते. गोरक्षने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि आधी खिडक्या उघडून खाली पाहिलं. मग भिंतींना टिचक्या मारल्या. मग बाथरूममध्ये जाऊन दार आतून लावून पाहिलं. गुन्ह्याची जागा पाहायची सवय असल्यामुळे त्याला नुसतं घर पाहता येत नव्हतं.

"हा फ्लॅट आपल्या ताब्यात कसा आला?" त्याने बसता बसता विचारलं.

"मिस्टरांनी घेतला होता."

"म्हणजे आपण घेतला नव्हता."

"नाही."

"मग आपण विकता कशाच्या जोरावर?"

धनराजने मान खाली घातली. आशाने पोह्यांकडे पाहिलं.

"सोसायटीत माझं नाव लागलंय," मीनाताई म्हणाल्या. "नॉमिनी म्हणून."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलाची सही घेतलीय?"

"नाही."

"मुलगी आहे?"

"आहे. वेदिका. नागपूरला असते."

"हे आपण आधी का सांगितलं नाही?"

"आधी कोणी विचारलं नाही," मीनाताई शांतपणे म्हणाल्या.

"सोसायटीचा ना हरकत दाखला?"

"सेक्रेटरी देत नाहीत. आज या, उद्या या म्हणतात."

"त्यांच्या नात्यात कोणाला फ्लॅट हवाय का?"

मीनाताई पहिल्यांदाच थांबल्या. "त्यांचा पुतण्या दोनदा बघून गेला. तुम्हाला कसं कळलं?"

"आम्ही दाराशी चपला काढत होतो, तेव्हा एक गृहस्थ जिन्यात उभे राहून आपलं बोलणं ऐकत होते. तेच सेक्रेटरी असणार," गोरक्ष म्हणाला आणि त्याने पोह्यांची बशी पुढे ओढली.

धनराजला वाटलं, संपला आपला फ्लॅट. ही बाई आता आपल्याला चपलांसकट बाहेर काढणार. त्याने माफीचं एक वाक्य मनात जुळवायलाही घेतलं. पण मीनाताई वेगळ्याच नजरेने गोरक्षकडे पाहत होत्या.

"वकीलसाहेब, सगळी नोकरी मी मुलींना प्रश्न विचारले. इतके नेमके प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. माझे कागद अर्धवट आहेत, सेक्रेटरी त्रास देतात, मुलं लांब आहेत. तुमच्यासारखा माणूस मला हवाय. माझं वकीलपत्र घ्याल?"

गोरक्षने घास चावून पूर्ण केला.

"घेतो," तो म्हणाला.

"दादा, तू माझा वकील आहेस," धनराज म्हणाला.

"वकीलपत्रावर सही केलीस का?"

"घरच्या माणसाला सही कशाला?"

"नाही केलीस. या आता करतील. आणि आत्ताच सांगून ठेवतो, दोन्ही बाजू एकाच वेळी घेता येत नाहीत. सनद जाईल माझी." मग तो जरा सावरून बसला आणि म्हणाला, "तेव्हा यापुढे जे बोलायचं ते आपण आपल्या वकिलामार्फत बोलावं, बोरस्ते."

परत येताना स्कूटर सिग्नलला थांबली. धनराजने मागे वळून विचारलं, "आता काय?"

"काही नाही. घरचा वकील परका झाला, तर आता परका वकील घरचा करू या," ती म्हणाली आणि पर्समधून पत्ता काढला.

वडनेरे वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. समोरच्या बाजूला कोण आहे हे कळल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"गोरक्ष? कोर्टात सगळे ओळखतात त्याला. तो एकदा मागे लागला की कागदाचा कपटाही सोडत नाही. मुलाची सही आणील, मुलीची आणील, सेक्रेटरीकडून दाखला आणील. मी करायचं काय मग? माझी फी कशाला फुकट घालवता? तो जे मागेल ते तुम्ही देत जा. खरेदीच्या आधी बँकेचा वकील कागद बघेलच."

अशा रीतीने नाशिकसारख्या, वकिलांची वाण नसलेल्या गावात धनराज बिनवकिलाचा राहिला.

मालनबाईंना हे प्रकरण समजावून सांगताना त्याची दमछाक झाली. त्यांनी भाच्याला सरळ जेवायला बोलावलं. गोरक्ष आला, आत्याच्या पाया पडला, मांडी घालून बसला. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढून झाल्यावर मालनबाई म्हणाल्या, "गोरक्षा, तू त्या बाईच्या बाजूनं हाय म्हणं."

"आत्या, जेवताना फ्लॅटचा विषय नको. समोरच्या पार्टीच्या घरी बसलोय मी."

"मी समोरची पार्टी का रं?"

"तू आत्या. हा समोरची पार्टी." त्याने भाकरीच्या तुकड्याने धनराजकडे खूण केली आणि तोच तुकडा चटणीत बुडवला.

जाताना त्याने आशा खोकत होती म्हणून तिला काढा सांगितला, मालनबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि दोन दिवसांनी धनराजच्या नावाने रजिस्टर नोटीस पाठवली. 'माझ्या पक्षकार यांचे कागद पूर्ण होत आले असून, आपणाकडे खरेदीची आर्थिक कुवत असल्याबद्दल समाधानकारक पुरावा इसार पावतीच्या मुदतीत सादर न केल्यास व्यवहार रद्द समजण्यात येईल. माझ्या पक्षकारांकडे दुसरे गिऱ्हाईक उपलब्ध आहे.' दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सेक्रेटरींचा पुतण्या.

धनराजला पहिल्यांदाच राग आला. त्याने टीव्हीवरचं सोनेरी अभिनंदन उचललं, मनोजला फोन केला आणि आशाला घेऊन थेट मीनाताईंच्या घरी गेला. गोरक्षला तिथे बोलावून घेतलं. मनोज टाय सारखा करत हसतमुखाने आला.

गोरक्षने पत्र पुढून वाचलं. मग मागून वाचलं. मागच्या बाजूला इतकी बारीक अक्षरं होती की धनराजला ती आजवर नक्षी वाटली होती.

"हे मंजुरीपत्र आहे?" गोरक्षने मनोजला विचारलं.

"मंजुरीसारखंच आहे, साहेब."

"मारहाण आणि मारहाणीसारखं, यात कोर्टात सहा महिन्यांचा फरक पडतो. यात लिहिलंय की अर्जाचा विचार करता येईल. विचार केव्हा करणार?"

"फाइल लॉगिन झाली की."

"म्हणजे अजून केलेला नाही. व्याज कमी आहे म्हणता. किती दिवस कमी?"

"पहिलं वर्ष."

"दुसऱ्या वर्षी?"

"मार्केटप्रमाणे."

"मार्केटप्रमाणे किती, ते कोण ठरवणार?"

"कंपनी, साहेब."

मीनाताई कान देऊन ऐकत होत्या. एका चांगल्या मुलीचं गणित फळ्यावर सुटताना पाहावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आपण स्वतः राहता कुठे?" गोरक्षने विचारलं.

"इंदिरानगरला."

"भाड्याने?"

"नाही, स्वतःचा फ्लॅट आहे."

"कर्ज काढून घेतला?"

"हो."

"आपल्याच कंपनीचं कर्ज?"

मनोजचा एक मोबाइल वाजला. "तो राहू द्या," गोरक्ष म्हणाला. मग दुसरा वाजला. "तोही राहू द्या. कोणाचं कर्ज?"

मनोजने टायची गाठ सैल केली आणि एका सरकारी बँकेचं नाव घेतलं. शाखा विचारल्यावर तीही सांगितली.

ती आशाची बँक होती. शाखाही तीच.

"साहेब चहा पीत होते का?" आशाने विचारलं.

"नेहमीच पितात, वहिनी," मनोज म्हणाला. "पण एकदा कागद पुरे झाले की अडवत नाहीत. आम्ही घरात सगळ्यांना तीच बँक सांगतो."

गोरक्षने पत्र धनराजच्या हातात परत ठेवलं. "असल्या कागदावर माझी पक्षकार व्यवहार करणार नाही. खऱ्या बँकेचं खरं मंजुरीपत्र आणावं. मुदतीत."

उरलेल्या मुदतीत धनराजने रजा काढली आणि आशाबरोबर त्या बँकेत बसून राहिला. साहेबांनी चहा घेतला आणि मग कागदांची यादी दिली. मुलाचं आणि मुलीचं हक्कसोडपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला, मागची सगळी खरेदीखतं. धनराजने ती यादी खिशात घातली. तो मीनाताईंकडे गेला, तर त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढून त्याच्यासमोर ठेवली. वेदिका नागपूरहून येऊन सही करून गेली होती. मुलगाही येऊन गेला होता. सेक्रेटरींकडे गोरक्ष एकदाच गेला होता आणि जिन्यात उभं राहून लोकांचं बोलणं ऐकण्यामागचा उद्देश काय, एवढंच विचारून आला होता. दाखला दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वर आणून दिला.

बँकेच्या वकिलांनी फाइल चाळली, शोधूनही चूक सापडेना म्हणून जरा खट्टू झाले, आणि सही केली. मंजुरी आली. मुदत संपायला अजून चार दिवस होते. पत्र साध्या कागदावर होतं आणि त्यात कोणी कोणाचं अभिनंदन केलेलं नव्हतं.

खरेदीखत नोंदवण्याच्या दिवशी निबंधक कार्यालयात मालनबाईसुद्धा नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मीनाताईंनी सही केली, धनराजने केली, आशाने केली. अंगठ्यांचे ठसे झाले. बाहेर आल्यावर मीनाताईंनी आधी गोरक्षच्या हातात फीचं पाकीट दिलं आणि मग आशाच्या हातात किल्ल्या. गोरक्षने पाकीट खिशात घातलं, घड्याळ पाहिलं आणि धनराजच्या खांद्यावर हात टाकला.

"चल रे धन्या, मिसळ खायला. आता झालं सगळं. आता मी तुझा दादा."

मिसळीच्या टेबलावर पहिला घास जाईपर्यंत धनराजने दम धरला. मग म्हणाला, "दादा, एक विचारू का? तू मला असं वाऱ्यावर का सोडलंस?"

"वाऱ्यावर?" गोरक्षने रश्शाची वाटी पुढे ओढली. "तुझा वकील असतो तर काय केलं असतं मी? तुझ्यावर विश्वास ठेवला असता. ते सोनेरी पत्र दाखवलं असतंस, मी म्हणालो असतो, वा. आपल्या पक्षकाराचे कागद कोण वाचतं? आजवर मी एकाचाही वाचलेला नाही. मीनाताईंच्या कागदांतली भोकंसुद्धा त्या समोरच्या पार्टीत होत्या तेव्हाच दिसली. समोरच्याचे मात्र डोळ्यांत तेल घालून वाचतो."

मालनबाई समाधानाने मान डोलवत होत्या. "मी म्हटलं नव्हतं? घरचा वकील तो घरचाच. आणि फी बी द्यावी लागली नाय."

धनराजने हातातला पाव खाली ठेवला. त्याने आशाकडे पाहिलं. ती किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये ठेवत होती.

"भाऊजी," ती गोरक्षला म्हणाली, "उद्या कधी आम्हाला हे घर विकायची वेळ आली, तर आम्ही गिऱ्हाईक शोधू."

"शोधा की."

"आणि त्याला पहिल्यांदा तुमचा पत्ता देऊ."

"देशीलच," गोरक्ष म्हणाला आणि त्याने आणखी एक पाव मागवला.