पाटणकरांचा समुद्राचा प्रस्ताव

बायकोला समुद्रावर न्यायचं असेल तर माणूस तिला तोंडानं विचारतो. आमच्या दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या पाटणकरांनी फाइल उघडली! हिरवा नोटिंगचा कागद, ‘विषय: निर्जन किनाऱ्यावर तंबूत मुक्काम’, परिच्छेदांना आकडे, खाली ‘मान्यतेस्तव सादर’. मंत्रालयात तीस वर्षं खर्डेघाशी केली की असं होतं बघा.

मान्यता द्यायची सुलभाताईंनी. ताई कोकणातल्या, समुद्रावरच वाढलेल्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. दोन वर्षं बाईंनी उंबरठा ओलांडलेला नाही. पण त्याही सरकारी नोकरीतल्याच. डाव्या हातानं शेरे मारतात, आणि काय मारतात!

‘संडासाचे काय?’ पहिला शेरा. पाटणकरांनी घडीच्या कमोड-खुर्चीचं चित्र जोडलं. ‘कोल्हे?’ दुसरा. ‘माहिती मागवली आहे.’

एव्हाना पाटणकरांनी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीपही आणली होती. दर रविवारी मानेसरच्या पुढे डोंगरात, खडकाळ वाटांवर सराव. शेजारच्या सीटवर पट्टा लावून गव्हाचं पोतं, अगदी ताईंच्या वजनाचं. एकदा जीप रुतली, ट्रॅक्टरनं ओढून काढली. परतले ते नखशिखांत धूळ. मी म्हटलं, "काय हो, झाली हौस?"

"बिल्कुल यशस्वी, वहिनी! पोतं जागचं हललं नाही."

मुलगा पुण्याहून फोन करून थकला. "बाबा, रिसॉर्ट बघतो ना. रॅम्प आहे, डॉक्टर आहेत." मलाही ते पटलं, मी तसं बोललेसुद्धा. पाटणकर माझ्यावरच भडकले. "चाललो म्हणजे चाललो! रस्ता संपतो त्याच्याही पुढे जाणार आणि तंबूच ठोकणार. डॉक्टरांची ना-हरकत जोडलीय, वाचा!" असला हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

परवा चहाला गेले तर फाइल परत आलेली. ‘इतक्या आडबाजूलाच का? खुलासा करावा. अन्यथा प्रस्ताव रद्द.’

 पाटणकर मान खाली घालून लिहीत बसले आणि ताईंना द्यायला फाइल माझ्या हातात दिली. दुसऱ्याचं वाचू नये. मी वाचलं.

‘खुलासा: लोक बघतात, हळहळतात. तुला ते खपत नाही, म्हणून तू दाराबाहेर येत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिथे बघायला कोणी नाही. गाडी थांबेल तिथून पाण्यापर्यंत मी तुला उचलून नेईन. माझे वय अठ्ठावन्न. पडलो तर दोघे पडू.’

माझ्या डोळ्यांना धारच लागली. ताईंनी मात्र चष्मा लावून दोनदा वाचलं, आमच्याकडे बघितलंही नाही. डाव्या हातानं एकेक अक्षर कोरत लिहिलं:

‘मंजूर. लोक असले तरी चालतील. बघू देत.’