मुंजाजी टेन्शन घेत नाही

"टेन्शन घेऊ नका, वहिनी," असं मुंजाजी म्हणाला की गोजरबाईच्या जिवात जीव यायचा. नवरा गेल्यापासून या धाकट्या दिरानंच सगळं निभावलं होतं. घरात आभाळ कोसळलं तरी हा शांतपणे तंबाखू मळत बसायचा. हा माणूस कोणत्या मातीचा बनलाय, याचं तिला मनापासून नवल वाटे.

आज कुरुंद्यात तिच्या लेकीचा, संगिताचा साखरपुडा होता. सेनगावचे व्याही भलतेच तऱ्हेवाईक. चहा गार आला म्हणून त्यांनी आधीची एक सोयरीक मोडली होती. आणि नेमका आज भांडेवाल्याचा टेम्पो वाटेत बंद पडला.

"भाऊजी, भात कशात शिजवू आता?"

"घाबरता काहून? टेन्शन घेऊ नका. कढई आणतो."

आणली, पण शेजारच्या मळ्यातली, हळद शिजवायची. दोन पाण्यांनी धुतली, तरी महिनाभर मुरलेली हळद थोडीच निघते. पांढरा भात पिवळाधम्मक झाला.

"टेन्शन घेऊ नका. शेंगदाणे टाका अन् मसालेभात म्हणा."

गोजरबाई थक्क झाली. व्याह्यांनी तर भात दोनदा मागून घेतला. पण जेवणानंतर हात धुतले तरी रंग जाईना, आणि ऊन मी म्हणत होतं. नवरदेवानं त्याच हातानं घाम पुसला. कपाळ, गाल, नवा पांढरा सदरा, सगळं पिवळं.

"हे काय करून ठेवलं हो?" व्याह्यांचा आवाज चढला. गोजरबाईनं दिराकडं पाहिलं.

"टेन्शन घेऊ नका, पाव्हणं," मुंजाजी म्हणाला. "नवरदेवाला हळदच तर लागली. भटजी हायेत, मांडव हाय. आजच उरकून घेऊ."

मग व्याह्यांची म्हातारी आई रूपाबाई पुढं आली. तिनं नातवाचं तोंड न्याहाळलं.

"बराबर हाय. हळद लागलेलं पोरगं तसंच घरी न्यायचं न्हाई. इचारा पोरीला."

संगिता लाजून हसली. आपल्या आईपुढं व्याही काय बोलणार? साखरपुड्यातच लग्न लागलं.

अक्षता पडल्यावर गोजरबाई दिराला शोधत घरामागं गेली. तो पालथ्या कढईवर बसला होता. हात इतके कापत होते की तंबाखू तळव्यावर ठरत नव्हती.

"भाऊजी, तुमाला बी टेन्शन?"

"सकाळपासून पोटात गोळा हाय, वहिनी. पण मीच घाबरलो असतो तर तुमी कुणाकडं पाहिलं असतं?"

त्याच्या हातून पुडी घेऊन तिनं स्वतः तंबाखू मळली. तेवढ्यात पुढच्या दारात जीप सुरू झाली. सहा महिन्यांनी सासरी जायची ती लेक आजच निघाली होती.

"टेन्शन घेऊ नका, भाऊजी," गोजरबाई म्हणाली, आणि स्वतःचा कापणारा हात तिनं पदराखाली लपवला.