बयाक्काच्या चार पाट्या

एका जंगलात बयाक्का नावाची साळू राहायची. साळू म्हणजे काटेवालं साळिंदर, बाळांनो. लाड करायला जाऊ नका. पोटदुखीवर तिच्यासारखं औषध पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. मुरुडशेंग उगाळायची, चाटवायची, की तासाभरात पेशंट उड्या मारत घरी. जाताना कुणी कंद ठेवी, कुणी दोन गोड शब्द बोले. बयाक्काला कंदांपेक्षा ते शब्दच हवे असत, पण हे ती कुणाला सांगत नसे.

आता त्या जंगलात कुणी कुणाला स्वतः शोधत नसे. उंच सावरीवर धनेशपंत बसत. पोट दुखतंय, कुठे जाऊ, असं विचारलं की ते रानात टांगलेल्या सगळ्या पाट्या वाचून चोचीनं दिशा दाखवत. पहिली दाखवतील तिकडे सगळे पळत. दुसरी कोणती, हे कुणी विचारत नसे.

म्हणून बयाक्कानं पाटी लिहिली: ‘पोटदुखीवर मुरुडशेंग उगाळून चाटवा.’ एक बिळाशी टांगली. मग भाबडेपणानं तीच नदीकाठी, तीच डोहाशी, तीच टेकडीवर. येणाऱ्याजाणाऱ्याची सोय नको का?

चिमाजी वानरानं ती वाचली. त्याला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यानं ती जशीच्या तशी उतरवून चाळीस झाडांवर टांगली आणि खाली आपलं नाव घातलं.

धनेशपंतांचं डोकं भणाणलं. चव्वेचाळीस पाट्या, मजकूर एकच. त्यांचा नियम होता, सारख्यातली एकच दाखवायची, बाकीच्या मागे ढकलायच्या. चिमाजीची झाडं उंच, ती आधी दिसली. झालं! बयाक्काच्या दारात आठ दिवस चिटपाखरू फिरकलं नाही.

ती तरातरा सावरीखाली गेली. मूळ पाटी माझी, हे तिनं परोपरीनं सांगितलं. पंत म्हणाले, “बाई, आधी कुणी लिहिलं ते मी वरून कसं ओळखू? आणि तुमच्या स्वतःच्याच चार सारख्या आहेत. नकलेची सवय तुम्हालाच दिसते.”

बिचारी रडकुंडीला आली. वाटेत तिला सरडोजी सल्लागार भेटला. रंग बदलण्यात त्याचा हातखंडा. तीन पाट्या काढून टाक, चौथी नव्या शब्दांत लिही, असं त्यानं सांगितलं. सल्ला शहाणपणाचा होता, उगाच नाव कशाला ठेवा? बयाक्कानं तसं केलं. दुसऱ्या दिवशी चिमाजीनं तीही उतरवून जुनीच्या शेजारी टांगली. तिनं पुन्हा बदलली, त्यानं पुन्हा उतरवली. आठवड्याभरात खऱ्या औषधाचे सगळे शब्द संपले.

“मग खोटं लिही,” सरडोजी शांतपणे म्हणाला. “पण दुसऱ्या कुणाकडे नसेल असं लिही.”

बयाक्कानं जड मनानं लिहिलं: ‘पोट दुखल्यास शेपटीला गाठ मारावी, पूर्वेकडे तोंड करावे व आवळा हुंगावा.’ हे उतरवायची चिमाजीलासुद्धा लाज वाटली.

धनेशपंत मात्र खूश. असा मजकूर साऱ्या रानात दुसरा नाही म्हणून त्यांनी बयाक्काला पहिला नंबर दिला. दारात ही रीघ लागली. शेपट्यांच्या गाठी सुटता सुटेनात, पण तक्रार कोण करणार? पहिल्या नंबराचं चुकेल कसं?

एके दिवशी एक हरिणी पाडसाला घेऊन आली. ते कळवळून लोळत होतं. बयाक्काला राहवेना. ती हरिणीच्या कानाशी लागली. “पाटी राहू दे गं बाई. मुरुडशेंग उगाळ आणि चाटव.”

हरिणी दोन पावलं मागे सरली. “अहो, हे तर चिमाजीरावांचं औषध,” ती म्हणाली. “एवढ्या नावाजलेल्या तुम्ही, आणि चोरी करता?”

ती तशीच चिमाजीच्या झाडाखाली गेली, पाटी वाचली, मुरुडशेंग चाटवली. संध्याकाळी पाडस बागडू लागलं. हरिणीनं चिमाजीला हार घातला आणि बयाक्काची चोरी धनेशपंतांच्या कानावर घातली. पंतांनी पुन्हा कधी तिच्या बिळाकडे चोच केली नाही. पाडस बरं झालं म्हणून बयाक्काला फार आनंद झाला. तो सांगावा असं कुणी तिच्याकडे येत नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण उंच झाडावरून बोलावं, खालून बोललात तर ती नक्कल ठरते. आणि पहिला नंबरच हवा असेल, तर असं काही लिहावं की चोरालाही ते चोरायची लाज वाटेल.