टॅबरावांचा चालता फ्रिज

"लॅपटॉप संपला! लिहून ठेवा! आजपासून लॅपटॉप म्हणजे नुसती अडगळ!"

असं म्हणून त्यांनी ऑफिसच्या चहाच्या टेबलावर आपला नवाकोरा टॅब अशा थाटात ठेवला, की बशीतल्या बिस्किटांनाही बाजूला सरकावंसं वाटलं. चांगला भारीतला टॅब होता हो! पातळ इतका की चुकून वर्तमानपत्राच्या रद्दीत गेला असता. त्या दिवसापासून सगळं ऑफिस त्यांना टॅबराव म्हणायला लागलं. आपणही तेच म्हणू. खरं नाव सांगितलं, तर ते माझ्याशी बोलायचे बंद होतील.

टॅबरावांचं काम लोकांची स्वयंपाकघरं आखून देण्याचं. ओटा कुठे, सिंक कुठे, फ्रिज कुठे, ट्रॉल्या किती, सगळं ते काढून द्यायचे. स्वतःच्या घरात प्यायच्या पाण्याचा ग्लास कुठे असतो, हे मात्र बायकोला विचारावं लागायचं. ते असो. माणूस उत्साही! आणि उत्साही माणसाला एखादी नवी वस्तू मिळाली, की जुनी वस्तू दान केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्यांनी लॅपटॉप दिला सासूबाईंना.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त म्हणजे शाळेतून, मुख्याध्यापिकापणातून नव्हे. दुसऱ्यांची चूक दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. औषधाच्या बाटलीवरची माहितीसुद्धा त्या लाल पेन घेऊन वाचायच्या. एकदा घरी आलेली लग्नपत्रिका त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली होती, आणि वर लिहिलं होतं, 'हस्ताक्षर सुधारा'. पत्रिका छापील होती!

"आई, हा घ्या लॅपटॉप," टॅबराव छाती काढून म्हणाले. "यात जे जे काही आहे ते आता तुमचं. हवं ते उघडा, हवं ते करा!"

"अहो, त्यातलं तुमचं सगळं काढलंत का?" बायकोने विचारलं. बायकांना नको तिथे नेमके प्रश्न सुचतात.

"काढायचंय काय त्यात? टॅबवाल्या माणसाचं सगळं इंटरनेटवर असतं. जुन्या विचारांची तू!"

जुन्या विचारांच्या बायकोने विषय सोडून दिला. इथेच सगळं फसलं. कारण टॅबवर जे खातं उघडं होतं, तेच लॅपटॉपवरही उघडंच राहिलं होतं. टॅबरावांनी टॅबवर ओटा काढला, की तो लॅपटॉपवर उमटायचा. लॅपटॉपवर कोणी तो पुसला, की टॅबवरूनही गायब! हे तुम्हाला कळलं, मला कळलं. टॅबरावांना नाही कळलं.

सासूबाईंनाही नाही कळलं. त्यांनी लॅपटॉप उघडला, तर समोर एक स्वयंपाकघर. सिंक दाराच्या मागे, फ्रिज शेगडीला चिकटून, ओटा अंधारात! सासूबाईंचे डोळे चमकले.

"अगंबाई! चुका शोधायचा खेळ दिसतोय हा!" त्या लेकीला म्हणाल्या. "जावईबापूंनी अगदी माझ्या आवडीचं टाकून ठेवलंय!"

आणि त्या चुका शोधायला लागल्या. शोधायच्या, खोडायच्या, सुधारायच्या. दुसऱ्या दिवशी नवं चित्र हजर! रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, आजचा पेपर जरा सोपा होता हं. उद्या अवघड येऊ दे."

"हो हो, छान छान," टॅबराव टॅबमध्ये डोकं खुपसून म्हणाले.

इकडे ऑफिसमध्ये टॅबराव हवेत! सकाळी टॅब उघडावा, तर रात्री काढलेलं चित्र आपोआप सुधारलेलं!

"बघा, बघा!" ते ऑफिसभर नाचत सुटले. "काल मी सिंक इथे काढलं होतं, टॅबने ते खिडकीखाली नेलं! याला अक्कल आहे, अक्कल! झोपेतसुद्धा काम करतो! आहे का तुमच्या लॅपटॉपमध्ये हिंमत?"

आता टॅबला अक्कल असली तरी त्याला हात नव्हते. बोटाने टाइप करताना 'ओटा' लिहायला गेलं की दोन शब्द भलतेच उमटायचे, म्हणून कीबोर्ड आला. टॅब धड उभा राहीना, म्हणून स्टँड आला. रेघा बोटाला ऐकेनात, म्हणून पेन आलं. पेनाने हात दुखायला लागला, म्हणून माउस आला. प्रिंटरची वायर टॅबला बसेना, म्हणून पाच तोंडांचा एक अडॅप्टर आला. हे सगळं चार्ज करायला चार वायरी. बॅग अशी फुगली, की लिफ्टमध्ये एका आजोबांनी विचारलं, "किती दिवस चाललात बाहेरगावी?"

"टॅब आहे यात," टॅबराव म्हणाले. "अगदी हलका!" आणि बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

अशात मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. फार कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते रात्रभर आठवायचं.

"न्यायाधीशबाईंचं स्वयंपाकघर तुमच्याकडे देतेय," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडच्या दोन माणसांना त्यांनी आधीच परत पाठवलंय. तुम्ही टॅबचं एवढं सांगताय, तर दाखवा करून. जमलं, तर पुढची सगळी मोठी कामं तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुकानात उभे राहा. गिऱ्हाइकांना ड्रॉवर उघडून आणि लावून दाखवायला माणूस हवाच आहे."

दिवसभर ड्रॉवर! उघड, लाव, उघड, लाव! पण टॅबरावांनी टॅबवर हात फिरवला आणि त्यांना धीर आला.

ठरलेल्या दिवशी टॅबराव न्यायाधीशबाईंच्या घरी पोचले. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कोपऱ्यात त्यांचे यजमान बसले होते, हाताची घडी घालून, अगदी शहाण्या मुलासारखे. टॅबरावांनी बॅग उघडली. स्टँड काढला. कीबोर्ड काढला. माउस काढला. अडॅप्टर काढला. वायरी काढल्या, त्या गुंतल्या, त्या सोडवल्या. टेबल भरून गेलं.

"दुकान मांडून झालं, की सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"झालंच, मॅडम! बघा, टॅबमुळे किती सुटसुटीत काम होतं!" टॅबरावांनी चित्र उघडलं. "हा तुमचा ओटा. असा भिंतीला लागून. हा इथे फ्रिज..."

फ्रिज चालायला लागला.

खरंच! आधी जरासा हलला, मग दिमाखात सरकत सरकत शेगडीपासून दूर दारापाशी जाऊन उभा राहिला. कोपऱ्यातल्या यजमानांनी मान लांब केली.

"हे काय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"टॅबची अक्कल, मॅडम!" टॅबराव कसेबसे हसले. "तो स्वतःच विचार करतो..."

तेवढ्यात सिंकभोवती एक लाल गोल उमटला. मग ओट्यावर एक लाल फुली. मग दुसरी. आणि बाजूला अक्षरं उमटायला लागली: 'ओटा भिंतीकडे तोंड करून का? स्वयंपाक करणाऱ्याने भिंतीशी गप्पा मारायच्या का?'

कोपऱ्यातले यजमान उठून उभे राहिले!

टॅबरावांनी माउस झटकला, तो टेबलाखाली पडला. पेन उचललं, त्याचं चार्जिंग संपलेलं. कीबोर्डवर बोट मारलं, तर कीबोर्डच निखळून हातात आला. इकडे अक्षरं येतच होती: 'विद्यार्थ्याने स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलेले दिसत नाही. पस्तीसपैकी अकरा. पालकांना भेटायला पाठवावे.'

"कोण लिहितंय हे?" न्यायाधीशबाईंचा आवाज असा होता, की टॅबराव आपोआप हात बांधून उभे राहिले. "खरं सांगा!"

पालकांना भेटायला पाठवावे... हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? टॅबरावांनी बायकोला फोन लावला.

"अगं, आई काय करतायत गं?"

"मजेत आहेत!" बायको म्हणाली. "तुम्ही दिलेल्या लॅपटॉपवर चुका शोधायचा खेळ खेळतायत. आज म्हणाल्या, इतकं चुकीचं चित्र जन्मात पाहिलं नाही. खूश आहेत अगदी!"

टॅबरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रात्रीची अक्कल, खिडकीखालचं सिंक, 'उद्या अवघड येऊ दे'... अरे देवा! टॅब झोपेत काम करत नव्हता. सासूबाई जागेपणी करत होत्या! लॅपटॉप संपला म्हणून ऑफिस डोक्यावर घेतलं, आणि त्याच लॅपटॉपच्या जोरावर आपण मिरवत होतो! लाजेने त्यांना टेबलाखाली माउसशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. डोळ्यांसमोर ड्रॉवर नाचायला लागले. उघड, लाव, उघड, लाव!

"फोन त्या आईंना द्यायला सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आणि स्पीकरवर टाका."

"मॅडम, त्या माझ्या सासूबाई आहेत, वय झालंय, चुकून..."

"स्पीकर!"

स्पीकर लागला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी न्यायाधीश बोलतेय. तुम्ही सुधारताय ते स्वयंपाकघर माझं आहे."

"बरं. मग नीट ऐकून घ्या. मध्ये बोलायचं नाही."

टॅबरावांनी डोळे मिटले. इतकी वर्षं त्या बाईंना असं कोणी बोललं नसेल. पण चमत्कार बघा, न्यायाधीशबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि "हो, बाई," म्हणाल्या!

"घरात स्वयंपाक कोण करतं?" सासूबाईंनी विचारलं.

टॅबरावांनी दचकून न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. हा प्रश्न टॅबरावांनी विचारलाच नव्हता! त्यांच्याआधी आलेल्या दोघांनीही नव्हता! सगळे आपले बाईंची उंची मोजून ओटा आखत होते.

कोपऱ्यातून हात वर झाला. "मी करतो," यजमान म्हणाले.

"मोठ्याने बोला."

"मी! मीच करतो! पहिल्यापासून मीच करतोय! आणि ओटा बुटका असल्यामुळे माझी कंबर मोडलीय! आणि भिंतीकडे बघून बघून मला कंटाळा आलाय! ही कोर्टातून येते, टेबलाशी बसून दिवसभराचं सांगते, आणि मला तिचा चेहराच दिसत नाही!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "अहो, मग बोलायचं नाही का कधी?" त्या हळूच म्हणाल्या.

"तू कुणाला बोलू देतेस?"

"शांतता!" फोनमधून आवाज आला. दोघांनीही हाताची घडी घातली. टॅबवरचा ओटा सरकायला लागला. तो भिंतीपासून सुटला, गर्रकन वळला आणि जेवणाच्या टेबलाकडे तोंड करून उभा राहिला. यजमानांना उंची विचारली गेली, ती त्यांनी सांगितली, ओटा उंच झाला. कोणी टॅबला हात लावला नव्हता. सगळे सिनेमा बघावा तसे बघत होते. शेवटी कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली: 'आता बरे आहे'.

"मंजूर!" न्यायाधीशबाई म्हणाल्या. यजमानांनी तर टाळ्याच वाजवल्या.

टॅबराव आनंदाने वेडे झाले. काम मिळालं! ड्रॉवर टळले! ते वायरी कोंबून बॅग भरायला लागले, तोच बाई म्हणाल्या, "एक अट आहे. पुढचं सगळं काम तुमच्या सासूबाईंच्या देखरेखीखाली. तुमच्या मॅडमना मी फोन करते."

फोन झाला. मॅडम फार बोलल्या नाहीत. सोमवारपासून सासूबाई ऑफिसात यायला लागल्या, सल्लागार म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांची चित्रं तपासली आणि दोघांना परत काढायला लावली. टॅबरावांची खुर्ची खिडकीजवळ होती, उजेड चांगला होता, म्हणून ती त्यांनी घेतली. आठवडाभराने म्हणाल्या, "जावईबापू, लॅपटॉप ऑफिसात ठीक आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरी न्यायला हलकं काहीतरी हवं. तो तुमचा टॅब द्या बरं इकडे."

"आणि मी काय वापरू, आई?"

"तुम्हाला काय लागतंय? मोजपट्टी आहे की!"

नाही कसं म्हणणार? सासूबाई, त्यातून मुख्याध्यापिका, त्यातून आता साहेब!

परवा टॅबराव न्यायाधीशबाईंकडे राहिलेल्या कपाटांची मापं घ्यायला गेले होते. नवा ओटा बसला होता. यजमान त्याच्यापुढे उभे राहून कांदा चिरत होते आणि टेबलाशी बसलेल्या बायकोशी एकसारखे बोलत होते. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. बाईंना मध्ये एक शब्द बोलायला मिळत नव्हता, आणि तरी त्या हसत होत्या. टॅबरावांनाही बघून बरं वाटलं. ते भिंतीशी ओणवे होऊन पट्टी लावत असताना यजमान त्यांच्याजवळ आले.

"तुमचं बघून मीही एक टॅब घ्यायचं ठरवलंय," ते उत्साहाने म्हणाले. "ओट्यावर ठेवायला बरा पडेल. लॅपटॉप आता हवाच कशाला, नाही का? तो देऊन टाकतो."

"कुणाला?" टॅबरावांनी विचारलं.

"आमच्या सासूबाईंना. त्याही न्यायाधीशच होत्या, आता निवृत्त आहेत."

टॅबरावांच्या हातून मोजपट्टी सुटली. त्यांनी यजमानांचे दोन्ही हात, कांद्यासकट, घट्ट धरले.

"साहेब," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "तो विका, फोडा, नाहीतर त्यावर कांदा चिरा. पण तेवढं करू नका हो!"